नवरी वाळतीय

कपाळावरच्या तकाकीचा जेवढा राग माझ्या आत्याला यायचा, तेवढा राग मी आजवर कुणाला चोराचिलटांचाही आलेला पाहिला नाही. माणूस थोडा वाईट असला तरी तिला चालायचं, पण त्याचं कपाळ चमकता कामा नये. बोलता बोलता तिची नजर तुमच्या डोळ्यांवरून वर सरकायची, नाकाच्या शेंड्यापासून केसांच्या मुळापर्यंत फिरून यायची आणि मग कमरेच्या पिशवीतून पतंगाच्या पांढऱ्या कागदाची घडी बाहेर निघायची. तो कागद ती तुमच्या कपाळाला टेकवणार, उजेडात धरून त्यावरचा डाग तुम्हालाच दाखवणार आणि म्हणणार, "बघ केवढं तेल. वांग्याची भाजी व्हईल ह्यात." सुरुवातीला ती हाताला येईल त्या रंगाचा पतंगाचा कागद वापरायची. एकदा घामानं कागदाचा रंग सुटून माझ्या काकांचं कपाळ लालभडक झालं आणि ते तसेच कचेरीत जाऊन आले, तेव्हापासून फक्त पांढरा. एका जयंतीला प्रमुख पाहुणे हॅलोजनच्या उजेडात भाषण करत होते. आत्याला ते कपाळ पाहवेना. ती सरळ व्यासपीठावर चढली, "बोला बोला साहेब, माझं झालंच," म्हणाली आणि त्यांचं कपाळ टिपून खाली आली. पाहुणे पुढचं वाक्य विसरले. आत्या मात्र आता कुठे भाषण नीट ऐकू येतंय अशा चेहऱ्यानं बसली होती.

आत्या मूळची काष्टीची. यजमान नगरला एमआयडीसीत कामाला लागले तेव्हा ती शहरात आली, एक छोटा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत पार्लर थाटलं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती आणि पार्लरमध्ये बायका अजून इकडेतिकडे बघून शिरायच्या. आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. भरजरी शालूवर चार डाग पडले तरी नक्षीत खपून जातात, पण पांढऱ्यावर काहीच खपत नाही. आत्याची पहिलीच नवरी मे महिन्यातली. आत्यानं कोर्समध्ये शिकवलेलं फाउंडेशन लावलं, तेही पोरीच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ. वंदना होईपर्यंत ते टिकलं. मग घाम आला, रडारड झाली आणि पाठवणीच्या वेळी पोरीचा पदर, आईचा खांदा, मावशीचा खांदा, सगळीकडे पिवळट ठसे उमटले. नवऱ्याकडची एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी रंगवून दिलीय आमाला." त्या पोरीला ते वाक्य सासरी पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. आत्याला ती माहेरी आली की भेटायची, कधी रागावली नाही, आणि त्यामुळेच आत्याला जास्त लागायचं. आपल्या हातून गेलेल्या कुठल्याही पोरीला पुन्हा ते ऐकावं लागू नये, हा तिचा ध्यास झाला. बाकी सगळा विक्षिप्तपणा त्या ध्यासातूनच आलेला.

उपाय तिला सापडला तो स्वयंपाकघराच्या भिंतीत. चुलीमागच्या भिंतीचा रंग दर वर्षी पापुद्रे धरून पडायचा. रंगारी म्हणाला, तेलकट भिंत रंग धरत नाही, आधी घासायची, सुकवायची, अस्तराचा हात मारायचा, मग रंग. आत्यानं हातातला चहा खाली ठेवला आणि त्या बिचाऱ्याला तिथेच स्टुलावर बसवलं. त्याचं अर्धं कपाळ गुलाबपाण्यानं पुसून, बर्फ फिरवून, त्यावर घामोळ्यांचं गुलाबी औषध लावलं, म्हणजे आपलं कॅलामाइन, अगदी पातळ. ते सुकल्यावर सगळ्या कपाळावर फाउंडेशन थापलं आणि त्याला उन्हात बाहेरची भिंत रंगवायला पाठवलं. संध्याकाळी त्याचं अर्धं कपाळ ओघळून भुवईत आलं होतं आणि अर्धं जसंच्या तसं. आत्यानं शेजारणींना बोलावून ते कपाळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी रंगारी आला नाही, त्याचा भाऊ आला.

तेव्हापासून ती त्या लेपाला अस्तरच म्हणायची. तोंडाला लावायचा प्रायमर नावाचा पदार्थ जगात कुठेतरी मिळत असेल, पण नगरच्या दुकानात तो तेव्हा कुणी पाहिला नव्हता. ती कॅलामाइनच्या बाटल्या इतक्या न्यायची, की औषधाच्या दुकानदारानं एकदा काळजीनं विचारलं, "बाई, घरात कांजिण्यांची साथ आलीय का?" अस्तर लावून ते पुरतं सुकेपर्यंत नवरीनं बोलायचं नाही, हसायचं नाही, जांभई तर नाहीच. दारात आत्या स्वतः उभी. नवऱ्या मुलाकडचे कितीही मोठे पाव्हणे बोलवायला येवोत, उत्तर एकच, "थांबा जरा. नवरी वाळतीय." एका आजोबांनी घाबरून विचारलं, "कशानं वाळतीय? आजारी हाय का?" आणि पाठवणी झाली की आत्याची तपासणी सुरू. नवरीला जिनं जिनं मिठी मारली तिचा तिचा खांदा ती निरखून बघायची. रडणाऱ्या बायकांना वाटायचं, ही आपलं सांत्वन करतेय. ती डाग शोधत असायची. स्वतः मात्र ती नवरीला कधी जवळ घ्यायची नाही, दोन हात लांबूनच म्हणायची, "सुखानं ऱ्हा बाय, आन् गालाला हात लावू नको."

या सगळ्याहून मला तिची एक गोष्ट फार मोठी वाटते. पहिल्या नवरीनंतर तिनं कुणालाही उजळ केलं नाही. आया येऊन कानात सांगायच्या, जरा गोरी दिसू द्या. आत्या म्हणायची, "रंग तिचाच ऱ्हाणार. मी फकस्त तेल काढते." फाउंडेशनच्या चार शिश्या मिसळून ती पोरीच्या मनगटाजवळ धरायची आणि रंग तंतोतंत जमला की खुश व्हायची. सावळ्या मुली तिच्या खुर्चीतून उठताना आरशात स्वतःलाच बघायच्या, दुसऱ्या कुणाला नाही. त्या काळात हे करायला छाती लागत होती आणि ती तिच्यात होती.

माझं लग्न ठरलं ते नेवाशाला, ऐन मे महिन्यात, भर दुपारचं. मी सावळी, आणि कपाळ आत्याच्या घराण्याचं, म्हणजे सकाळी धुतलं तरी दहाला चमकणारं. "तुझ्या तोंडानं माझी परीक्षा हाय," आत्या म्हणाली. मी एकच अट घातली, माझ्या लग्नात तूही तोंडाला काहीतरी लावायचं. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं सजवणारी ही बाई स्वतः नुसतं कुंकू लावून फिरायची. कुरकुरत का होईना, कबूल झाली.

भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन आमचा टेम्पो नगरहून निघाला आणि वाटेत पंक्चर झाला. नेवाशाला पोचलो तेव्हा पोत्यात ओला भुसा तेवढा उरला होता. नवरीची खोली म्हणजे शाळेचा पत्र्याचा वर्ग, आणि वीज गेलेली. माझ्या नाकावरून घाम ठिबकत होता. मी रडकुंडीला आले. आत्यानं वर्गभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या माठापाशी मला नेलं. "लाव गाल." मी माठाला एकदा हा गाल, एकदा तो गाल, मग कपाळ लावून बसले. आई हसू लागली तर तिलाही गप्प केलं. मग अस्तर. दोन काकवा पुठ्ठ्यांनी वारा घालतायत, बाहेरून निरोपावर निरोप येतायत, आणि दारातून आत्याचा आवाज, "सांगा त्यास्नी, वाळतीय अजून!" सगळं झाल्यावर तिला अट आठवली. अस्तराची बाटली माझ्यावरच संपली होती. स्पंजला उरलेलं माझ्याच रंगाचं फाउंडेशन तिनं आपल्या तोंडावर तसंच थापटलं. आमचा रंग एकच होता.

वंदना झाली, फुलं पडली, जेवणावळी उठल्या. पाठवणीला मी पोटभर रडले. आत्या मागे मागे फिरून खांदे बघत होती. आईचा स्वच्छ. काकूचा स्वच्छ. तिचा चेहरा असा उजळला की मला रडता रडता हसू आलं. आणि मग ती नेहमीसारखी लांब उभी राहिली. मी हात पुढे केले. "नको, मोडंल," ती म्हणाली. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं मला घट्ट धरलं. एवढी रडली, की मला तिला थोपटावं लागलं.

जीप सुटल्यावर नणंदेचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं. "अय्या, वहिनी, तुमचा मेकअप लागला साडीला." पांढऱ्याशुभ्र काठाजवळ हाताच्या पंजाएवढा तपकिरी ठसा होता. पुढच्या सीटवरून सासूबाई वळल्या. आता मलाही ते 'रंगवून दिलीय' ऐकावं लागणार, असं वाटलं. सासूबाईंनी आपलं बोट माझ्या गालावरून ओढलं आणि उजेडात धरून बघितलं. बोट कोरडं होतं. "हिचं तर काय बी निघत न्हाई. मग ह्यो कुणाचा डाग?"

"आत्याचा," मी म्हणाले.

"लई जीव दिसतोय तिचा," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा पुढे तोंड करून बसल्या.

आता प्रायमरच्या नळ्या कुठेही मिळतात. माझी मुलगी लग्नकार्याला जाताना चिमूटभर लावते आणि लगेच बोलायला लागते, वाळत वगैरे कुणी बसत नाही. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. ती साडी माझ्या कपाटात आहे आणि खांद्यावरचा डाग फिकट झाला असला तरी आहे. आत्याला मी तो कधी दाखवला नाही. दाखवला असता तर तिनं त्याच दिवशी बसून तो धुऊन काढला असता.