गंगू खो म्हणाली

गावच्या मालीपाटलानं पाण्याची घागर उचलली आणि स्वतःच्याच पोराच्या डोक्यावर उपडी केली. भर पटांगणात. सगळ्या शाळेसमोर. थंडीचे दिवस. पोराचे दात वाजत होते, सदरा अंगाला चिकटला होता. रडायचीपण भीती वाटत होती त्याला.

मग पाटील माझ्याकडं वळला.

"तुला शिकवायला ठिवलंय. पोरं बाटवायला न्हाय."

तुला. हेडमास्तरांना तो 'गुरुजी, तुमी' म्हणायचा. माझ्या बरोबरीच्या मास्तरांनापण 'तुमी'. मी तेवढी 'तू'.

हेडमास्तर बाजूलाच उभे होते. चष्मा पुसत. 

त्या पोराला 'बाटवलं' होतं गंगूनं. महारवाड्यातली, दुसरीतली पोर. आदल्या दिवशी खो-खो खेळताना तिनं त्याच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "खो." तो एक शब्द ऐकायला मी किती दिवस थांबले होते. कारण गंगू वर्षभर कुणाशी बोललीच नव्हती.

गाव बेंबळीच्या अलीकडं, सडकेपासून आत. नाव सांगत नाही. तिथं मला पाणी देणारी दोन घरं होती, त्यांना त्रास नको. मी नळदुर्गाकडची. बाप हैदराबादच्या सडकेवर खडी फोडायचा. निजामाचं राज गेलं, गावोगाव शाळा निघाल्या, आणि बापानं मला दंडाला धरून शाळेत नेलं. दाराबाहेर बसवली मला. बाहेर बसून शिकले. पुढं वसतिगृहात राहिले, मास्तरीण झाले. आमच्या घरानं बौद्ध होऊन देव टोपलीत घालून नदीत सोडले तेव्हा आई म्हणाली होती, "आता कुणाच्या पाया पडायचं न्हाय. देवाच्या न्हाय, मानसाच्या तर न्हायच न्हाय."

गंगूच्या वाड्यानंपण तेच केलं. देव सोडले. मेलेलं जनावर ओढायचं सोडलं. गावाला ते खपलं नाही. तिच्या बापाला चावडीच्या खांबाला बांधून मारलं. बापाची भाकरी घेऊन गंगू तिथं आली होती. तिनं सगळं बघितलं. त्या दिवसापासून तिची वाचाच बसली. वर्गात कुणी मोठ्यानं ओरडलं की जागेवरच मुतायची. पोरं हसायची. मास्तर तिला बाहेर काढायचे.

तिची आई माझ्याकडं आली. "बाई, कुनाची नजर लागली असंल का वो हिला?"

मी काय सांगणार? उस्मानाबादच्या दवाखान्यात घेऊन जा म्हटलं. डॉक्टरनं गळा बघितला. म्हणाला, "गळ्याला काही नाही. पोर भ्यालीय." भ्यालेल्या पोरीला काय द्यायचं, ते त्यानं सांगितलं नाही. त्याची गोळी मिळत नसावी.

मी काही फार शिकलेली नव्हते. पण मला माझं वसतिगृह आठवत होतं. नवीन आले तेव्हा मीपण कोपऱ्यात बसायची. अन्न उतरायचं नाही घशाखाली. एका संध्याकाळी पोरींनी मला ओढून हुतुतूत नेलं. काय झालं, का रडतीस, कुणी विचारलं नाही. नुसतं ओढलं. मी पडले, गुडघा फुटला, सगळ्या हसल्या, मग मीपण हसले. त्या दिवशी पोटभर जेवले.

म्हणून दुपारच्या सुट्टीनंतर मी पोरांना पटांगणात काढायला लागले. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या, दोन बाजूंना लाकडी खांब रोवले. सगळी एका रांगेत. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. कुणाच्या शेजारी कोण बसलं, ते मी बघितलं नाही. खरं सांगू? बघितलं. मुद्दाम मिसळून बसवलं.

पहिले कितीतरी दिवस गंगू उठायचीच नाही. खो मिळाला तरी दगडासारखी बसून राहायची. मग एकदा उठली. मग पळाली. आणि पळाली ती अशी की पोरं बघत राहिली. पण खो देताना नुसता हात लावायची. तोंड बंद. न बोलता दिलेला खो धरत नाहीत. पोरं ओरडायची, "फाऊल! फाऊल!" मला वाटायचं, आता ही मुतणार. नाही मुतली. पुन्हा पळायला लागायची.

पाटलाचं पोर तिच्याच वर्गात. वर्गात धडा वाचायला उभं केलं की अडखळायचं, सदऱ्याची कॉलर चावत बसायचं. घरात बापाचा आवाज केवढा, ते गावाला ठाऊक होतं. खेळताना मात्र ते पोर अडखळत नव्हतं. त्यानंच एकदा तिला सांगितलं, "गंगे, नुसतं खो म्हन. लई सोप्पंय."

आणि त्या दिवशी ती म्हणाली. त्याच्याच पाठीवर हात ठेवून. केवढ्यांदा! त्याला उठायचं सुचेना, तो मागं वळून तिच्याकडंच बघत बसला. सगळी पोरं नाचायला लागली. मी तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

पोरानं घरी जाऊन आनंदानं सांगितलं. गंगू बोलली. माझ्या पाठीला हात लावून बोलली.

दुसऱ्या दिवशी पाटील घागर घेऊन आला.

गंगू रांगेतच उभी होती. तिच्या परकरावर ओला डाग पसरत गेला. या खेपेला कुणी हसलं नाही.

संध्याकाळी हेडमास्तर म्हणाले, "बाई, चावडीत जाऊन हात जोडा. चूक झाली म्हणा. मिटून जाईल."

मी गेले. चपला बाहेर काढायला लावल्या. ओट्याखाली उभी केली. वर पाटील, त्याच्या बाजूला चार माणसं. आणि तो खांब.

"म्हन," पाटील म्हणाला. "चूक झाली म्हन."

माझे हात वर यायला लागले. आपोआप. पिढ्यानपिढ्यांची सवय अशी जात नाही. मी ते हात बघितले. माझेच हात. फक्कीनं पांढरे झालेले. खाली घेतले.

"चूक झाली न्हाय," मी म्हणाले. "तुमचं पोरगं खेळताना न अडखळता बोलतंय. घरी त्याला कदी ऐकलंय का तसं?"

"तोंड लई चालाय लागलं तुजं."

"व्हय. आन मला तुमी म्हनायचं, पाटील. मी मास्तरीन हाय."

 मी चपला तिथंच, त्यांच्या देखत पायात घातल्या आणि निघाले.  

पुढं काय? सकाळी पटांगणातले दोन्ही खांब उपटलेले. गावातली पोरं शाळेतून बंद. पाटलानं पोराला मामाकडं धाडलं. वाड्याला दुकानातून मीठ मिळेना. गंगूची आई आली, दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी जाताल. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

पाटलापेक्षा ते जास्त लागलं. तिचं चुकलं कुठं होतं?

मी वाड्यातल्या पोरांना ओढ्याच्या वाळूत घेऊन जायची. थोडी यायची. गंगू यायची, पण माझ्याशेजारी बसून राहायची. बोलली नाही. मी निघेपर्यंत नाही. एका पोरीचा आवाज एवढ्या मुश्किलीनं वर आला होता, आणि मोठ्या माणसांनी तो परत आत दाबला. पुढं ती बोलली का, मला ठाऊक नाही. त्या गावात मला परत जाऊ दिलं नाही. आजही तिची आठवण आली की माझ्या मुठी वळतात.

माझी बदली येरमाळ्याकडं झाली. तिथल्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी समोर बसवलं.

"बाई, तुमचं ऐकलंय आम्ही. खेळ घ्या, पण रांगा वेगळ्या करा. पोरं लहान आहेत, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना सगळं कळतंय, गुरुजी. म्हणून तर मुकी होतात."

"गाव ऐकणार नाही."

"मग माझ्या बदलीचं आत्ताच बघा. मी असेपर्यंत रांग एकच बसणार."

 मी उठले, पोरांना बाहेर काढलं. कोण कुठल्या घरातलं, मला अजून माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. कधीच विचारणार नाही. ज्याला बाटायचं भय असेल, त्यानं आपलं पोर घरी ठेवावं. मी रांग तोडणार नाही.