मामाची वाट

"होता नाय बाई, हाय."

एका हातात केरसुणी, दुसरा कमरेवर, अशा दारात उभ्या राहून मावशींनी मला भर वर्गात टोकलं होतं. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. त्या दिवशी सैनिकांची आठवण ठेवायचा कार्यक्रम होता आणि मी नुकतंच मुलांना सांगितलं होतं, "आपल्या मावशींचा भाऊसुद्धा सैनिक होता."

आता मी पडले भाषेची बाई. कुणी 'पानी' म्हटलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. सवयीनं बोलून गेले, "हाय नव्हे मावशी, आहे."

"त्येच तर म्हनते मी," मावशी म्हणाल्या आणि केर काढायला लागल्या.

पोरं खदाखदा हसली. चूक उच्चाराची नव्हती, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

अशी एक मावशी तुमच्याही शाळेत असेलच. घंटा देणारी, शेंबूड पुसणारी, मुख्याध्यापकांना अजिबात न घाबरणारी. आमच्या मावशी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरच्या. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात गेला. बर्फाच्या डोंगरात गस्तीला गेलेली तुकडी परत आली, हा आला नाही. ना देह मिळाला, ना सामान. घरी कागद आला, त्यात लिहिलं होतं, बेपत्ता. त्याला वीसेक वर्षं झाली.

कार्यक्रमासाठी मी फोटो मागितला, तर मावशींनी केवढ्या आनंदानं आणून दिला! आणि मी शहाणीनं काय करावं? त्याला झेंडूचा हार घातला. मावशींचं लक्ष टेबलावरच्या फोटोकडे गेलं आणि चेहरा उतरला. त्यांनी हार काढला आणि एकेक फूल तोडून पुढच्या बाकावरच्या मुलींच्या वेण्यांत खोचलं.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालतात व्हय?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. पहिलीची पोरं ती, दहा सेकंदात चुळबुळ सुरू. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, मावशीचा भाऊ म्हणजे आपला मामा ना?" नात्याचा हिशेब चोख होता. त्यावर उल्हासनगरहून नुकताच आलेला एकजण म्हणाला, "मामा खो गया क्या?"

मी त्याला गप्प करणार, तोच मावशी जमिनीवर बसल्या. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली.

"वाट चुकला रे तो. बरफात समदं सारखंच दिसतं."

"मग येणार कधी?"

"यील. पन आला तरी ह्ये बदलापूर वळखनार नाय. तो गेला तवा इकडं निस्ती भातशेती. आता बघावं तिकडं टावर. तुमी त्याला वाट सांगून ठेवा की."

झालं! माझा कार्यक्रम राहिला बाजूला. पोरांनी वह्या काढल्या आणि स्टेशनपासून शाळेपर्यंतची वाट काढायला बसली. कुणी वडापावची गाडी काढली, कुणी मोबाईलचं दुकान, कुणी अंगावर येणारं काळं कुत्रं, आणि त्याच्याखाली लिहिलं, 'मामा, पळू नको.' एकीनं तर वाट मधेच वळवून स्वतःच्या घरी नेली. का, तर मामाला तहान लागली असेल.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी आमच्या पहिलीत ना हार, ना शांतता. वाट काढायची. मावशी प्रत्येक चित्र तपासायच्या, आणि त्यांच्यापुढे मी कुठली कडक? "ह्यो रस्ता तर आता बंद झालाय. ह्या वाटंनं आला तर कुटं जाऊन पडंल तो? पुन्हा काढ." पोरगं निमूटपणे खोडरबर घ्यायचं.

एकदा न राहवून मी म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं झाली. कधीतरी मनाला समजवायला हवं हो."

त्या चिडल्या नाहीत. "समजवीन की. पन बाई, मी मनाला समजवलं आनि दुसऱ्या दिवशी तो आला, तर? दारात कुनीच नाय, असं नको व्हायला."

माझ्यासमोर तपासायच्या वह्या होत्या. त्यात डोकं खुपसून मी रडले, खोटं कशाला सांगू?

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मावशी गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. जूनमध्ये शाळा भरली तशी दुसरीत गेलेली पोरं माझ्या दाराशी येऊन विचारायला लागली, "मावशी कुठंय?" मी सांगितलं खरं, पण 'होत्या' हा शब्द तोंडातून बाहेर येईना. मावशींची इतकी आठवण येते की घंटा झाली तरी मी वर्गात तशीच बसून राहते.

परवा भाऊबीज झाली. माझे दोघे भाऊ आले, ओवाळून झालं, हसणं-खिदळणं झालं. तबक उचलून आत ठेवायचं तर पाऊल उचलेना. एका दिवाळीत मी मावशींना सुचवलं होतं, भाऊ जवळ नाही तर चंद्राला ओवाळा. फटकन म्हणाल्या होत्या, "चंद्राला वोवाळायचं ते भाऊ नसलेल्यांनी."

खरंच, भाऊ नसलेल्या बहिणीची सोय आपल्याकडे करून ठेवली आहे. बहीण गेलेल्या भावाचं काय करायचं, ते कुणीच सांगून ठेवलेलं नाही.

मी तबक घेऊन तशीच गॅलरीत आले. दिवेलागण झाली होती. पश्चिमेला दोन इमारतींच्या मधे बीजेची बारीक कोर होती. मी तिच्याकडून तोंड फिरवलं. बर्फाचे डोंगर उत्तरेला; उत्तर कुठली, ते नीट पाहून घेतलं आणि त्या दिशेला ओवाळलं.

"अगं, तिकडे कुणाला ओवाळतेस?" आतून मोठा भाऊ ओरडला.

मी निरांजनावर हात आडवा धरला आणि समोरच्या अंधाराला हळूच म्हणाले, "मामा, मावशींना यंदा जमलं नाही. म्हणून मी आले."