चिमणीवरची पिवळी वाफ

आमच्या गावाला लागून असलेल्या वीजकेंद्रात मी कंट्रोल रूमला आहे. केंद्र गॅसवर चालतं, पण रोज नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी विजेची मागणी चढली की वरून फोन येतो, मग आम्ही टर्बाइन सुरू करतो. पहिली काही मिनिटं ज्योत नीट बसलेली नसते. तेवढा वेळ चिमणीतून पिवळसर धूर निघतो. तो छातीला वाईट, हे मला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं.

धूर मोजायचं यंत्र आहे. बटण दाबून ते कॅलिब्रेशनवर, म्हणजे तपासणीवर, टाकलं की आकडा नोंदला जात नाही. सुरुवातीला आकडा उगाच उडी मारतो, तेवढा वेळ कॅलिब्रेशनवर टाकत जा, असं साहेब म्हणाले होते. एकदाच म्हणाले. पुढं कुणी न सांगताही मी बटण दाबत गेलो.

मी लेकरांच्या शाळेचं सांगून हिंगोलीला बिऱ्हाड नेलं; माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, गावातच राहते. तिला दमा आहे. हे पिवळं काय निघून राहिलं, असं तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं. हळद शिजवताना निघते तसली वाफ, असं मी सांगितलं. तिचा जन्म हळदीत गेलेला, तिला पटलं. शेजारणींनाही तिनंच समजावलं. उन्हाळाभर ती संध्याकाळी अंगणात वाळलेली हळद गोळा करत बसायची, अन् वारा गावाकडं असला की इकडं मला ती आठवायची. बटण मात्र दाबायचोच.

यंदा तिला फारच धाप लागायला लागली. भाऊ बाहेरगावी, म्हणून मी तिला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. जवळपास धूर असतो का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"न्हाई. कंपनीची वाफ येती, पण वाफच हाय ती," वहिनी म्हणाली. "आमच्या भाऊजीला इचारा, तिथलेच मोठे सायेब हायेत."

ती हसली. मी होकारार्थी मान हलवली.

औषधं घेऊन बाहेर आलो. मोटारसायकलला किल्ली लावली, पण फिरवता येईना. ती वाफ नाही, असं मी तिला सांगितलं. मग उभ्या उभ्या सगळंच सांगितलं.

"मंग तुमी लेकरं घेऊन इथं हिंगोलीत राहायला आले, ते शाळेसाठी न्हाई?"

"न्हाई, वहिनी."

ती पायरीवर बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धाप बसल्यावर ती पायरीला हात टेकून उठली.

"मला सांगून मी काय करू? चला आत. बाईला सांगा."

आत जाऊन मी डॉक्टरबाईंना पुन्हा तेच सांगितलं, वहिनीसमोर. यंत्राची नोंद मिळेल का, असं बाईंनी विचारलं.

"नाही. नोंद होऊ नये म्हणून बटण मीच दाबतो."

बाईंनी ते वहिनीच्या कागदावर लिहिलं, आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं.