नणंद-भावजयीची कॅसेट आणि माझा अभिप्राय

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात नोकरी करीत होतो. बातम्यांखेरीज संगीतावरचे अभिप्रायही माझ्याकडे असत. त्यामागे काही अधिकार नव्हता; कचेरीत टेपरेकॉर्डर असलेला मी एकटाच होतो, एवढेच कारण.

एके दिवशी बसस्थानकामागच्या कॅसेटवाल्याने एक नवी कॅसेट माझ्या हाती ठेवली. गिऱ्हाइकाच्या पसंतीची सिनेमातली गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देणे हा त्याचा धंदा. या वेळी मात्र त्याने हौसेने दोन बायांना बोलावून त्यांची स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. चामोर्शीजवळच्या खेड्यातल्या एका बौद्ध कुटुंबातल्या त्या नणंद-भावजय. नणंद अंगणवाडी चालवीत असे, भावजय शेती पाहत असे. धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, म्हणायच्या चालींवर त्यांनी आपले शब्द रचले होते: न थांबणाऱ्या एसटीवर, रॉकेलच्या रांगेवर, भिंतीवर नव्याने आलेल्या घड्याळावर.

मी घरी दार लावून, कागद पुढ्यात घेऊन ती ऐकली. आवाज आवडले. एक गोष्ट मात्र खटकली. ओळ संपली की दोघी गप्प होत, आणि इतका वेळ गप्प राहत की यंत्र बिघडले असे वाटून मी बटणाकडे हात नेई. तोच पुढची ओळ सुरू होई. मी लिहिले, ‘गाण्यांत गोडवा आहे, परंतु ओळींमधल्या अनाकलनीय पोकळ्या नवखेपणाच्या द्योतक आहेत.’ ‘अनाकलनीय’ हा शब्द सुचल्याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे आठवले की आजही संकोच वाटतो. मला कळले नव्हते, आणि त्या एका शब्दाच्या आधाराने तो दोष मी गाण्याच्या माथी मारला होता.

अंक निघाल्यानंतर दुकानात गेलो, तर गल्ल्याशेजारी कॅसेटींचा ढीग होता.

“तुमचं वाचून लोकं आता हिमतीनं वापस करून राह्यले,” दुकानदार म्हणाला. “माजरीचा खाणीतला माणूस म्हणते, पट्टी मधीमधी कोरीच हाय. वरोऱ्याचा कापसाचा दलाल म्हणते, झोप लागाले आली का बाई पुन्हा सुरू होते. अन् आपल्याच वस्तीतले पोरं विचारतात, जयंतीत वाजवाले एकही गाणं काऊन नाई?”

“मग आता?”

“सोमवारी साऱ्या पुसतो. लग्नसराई हाय, सिनेमाचे गाणे भरतो.”

“मूळ टेपसुद्धा?”

“थे बी. टेप चांगली हाय, भाऊ. खराबी गाण्यात हाय.”

म्हणजे त्या दोघींचे गाणे परत न आलेल्या प्रतींपुरते उरणार होते. मी अस्वस्थ झालो, आणि केवळ काही बोलायचे म्हणून विचारले, “चामोर्शीहून किती परत आल्या?”

त्याने ढिगाकडे पाहिले. “तिकडून एकबी नाई. सगळ्यात जास्त तिकडंच गेल्या, तरी.”

“असे का?”

“मले काय मालूम? तुमी लिवणारे. तुमीच सांगा.”

सांगता येईना, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी चामोर्शीची बस धरली. बाजाराच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर तीच कॅसेट लागली होती. ‘चार वाजता एष्टी येते,’ दोघींनी म्हटले आणि त्या थांबल्या. माझा हात सवयीने अस्वस्थ झाला. इतक्यात टोपल्या विकणारी एक बाई मान वर न करता त्याच चालीत म्हणाली, “येते अन् उभी नाई राहत!”

“उभी राह्यली तं दार नाई उघडत!” कांद्याच्या ढिगामागून दुसरीने जोडले. बाया हसल्या. हसू ओसरले, आणि नेमकी तेव्हाच कॅसेटमधली पुढची ओळ आली.

चहावालीला मी विचारले, “यांना ही गाणी आधीपासून पाठ आहेत का?”

“कायची पाठ! रोवणीत नाई गेले का कधी? एका रांगेनं म्हणलं का दुसरीनं जवाब द्याचा. ज्याले जो सुचन थो.”

मी कधी धानाच्या बांधीत, त्या चिखलात, उतरलो नव्हतो. तिथून चालत दोघींच्या गावी गेलो. अंगणवाडीत आमचे साप्ताहिक येत असावे, कारण नाव सांगताच नणंद म्हणाली, “तुमीच का थे अनाकलनीयवाले?”

मी मान डोलावली आणि विचारले, “त्या जागा तुम्ही मुद्दाम सोडल्या होत्या का?”

“मुद्दाम कायच्या?” भावजय म्हणाली. “त्या खोलीत समोर कोणीच नोहतं. तरी ओळ झाली का थांबनं होऊनच जाये. थो कॅसेटवाला भाऊ काचेमागून हात हालवे. आमाले वाटे, बराबर चाल्लं हाय.”

“मी हिले कोपर मारून राह्यली व्हती, पुढं म्हण, पुढं म्हण,” नणंद म्हणाली.

“वा! अन् तू काऊन थांबे मंग?”

नणंद हसू लागली. दुकानदार सोमवारी मूळ टेपही पुसणार आहे, हे मी सांगितले. तिचा चेहरा उतरला. “म्हंजे आमी गेलो, गायलो, तिथं काईच नाई राहत?”

“जागा भरून पुन्हा म्हणता येईल का?” मी विचारले.

“मंग जवाब एकच होऊन जाते ना, भाऊ,” भावजय म्हणाली. “दर रोवणीले जवाब नवा लागते; थे गाणं एकाच वर्षाचं राहीन.”

सोमवारी दुकान उघडताच गेलो. पुसण्याचे काम सुरू झाले होते. चामोर्शीत पाहिलेले मी सारे सांगितले. दुकानदार हसला. “तुमी म्हणून दाखवा. तं मानतो.”

गिऱ्हाइके उभी होती. चारचौघांत मोठ्याने बोलणेही मला जमत नसे. त्याने मूळ टेप लावली. ‘भिंतीवर घड्याळ टिकटिक करते,’ दोघींनी म्हटले. शांतता पसरली. ती मी घरी बसून मोजूनमापून नापसंत केली होती. आता ती सरळ माझ्याकडे पाहत होती. मी कसाबसा सूर धरून म्हणालो, “परंतु वेळ कोणाला आहे?”

दुकान हसून कोसळले. “गाण्यात ‘परंतु’ कोण म्हणते, मास्तर?” एक गिऱ्हाईक ओरडले, आणि पुढच्या ओळीला त्यानेच, बऱ्या आवाजात, जबाब दिला. त्यापुढच्या ओळीला दोघांनी एकदम दिला आणि ते त्यावरून भांडू लागले. कोणाचा चांगला, याचा निवाडा करताना दुकानदारानेही आपला एक जबाब म्हणून पाहिला. टेप संपेपर्यंत त्याने बटणाला हात लावला नाही.

जेवढ्या पुसल्या गेल्या होत्या, त्या गेल्याच. मूळ टेप त्याने न पुसता काढून डबीत घातली. उरलेल्या कॅसेटींचे खोके दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाजारात विकायला चामोर्शीच्या बसच्या टपावर चढले. दुकानदार वर उभा राहून गाठ मारीत होता. मी खाली दोरी ताणून धरली होती.