खरखर छातीत नव्हती

नागपूरला छाती खरखरताना ऐकू येत होती आणि पांढरकवड्यात ती साफ होती. छाती एकच, रोगी एकच. मी पांढरकवड्याच्या एका दवाखान्याच्या टेलिमेडिसिनच्या खोलीत उभा होतो. आलो होतो मोडेमची पॉवर केबल बदलायला. ती बदलून झाली तरी पाय निघेना, कारण खाटेवरचा माणूस हवेतला कापूस वेचावा तसे हात हलवत होता.

तो जवळच्या तांड्यावरचा मजूर. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेली. अशा रोग्याच्या छातीत पाणी होतं, खरखर ऐकू येते. उतारा म्हणून इंजेक्शन देत राहायचं आणि छाती साफ झाली की थांबायचं. जास्त झालं तर तेच औषध माणसाला भ्रमिष्ट करतं, हे मला त्या दिवशी कळलं. किती द्यायचं ते नागपूरचे मोठे डॉक्टर सांगत. इथे छातीवर मशीनचा स्टेथोस्कोप लावायचा, आवाज आमच्या कंपनीच्या इंटरनेट लाइनवरून त्यांच्या कानात. सर म्हणत होते, अजून खरखर आहे, अजून एक द्या. डॉक्टर मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या. सरांच्या शब्दापुढे त्यांना स्वतःच्या कानाचा भरवसा वाटेना.

"दवाई देल्ली तसा जास्तच बहकून राह्यला, मॅडम," रोग्याची बायको म्हणाली. "आता नका टोचू."

मॅडमनी आपला साधा स्टेथोस्कोप पुन्हा लावला. बराच वेळ ऐकलं. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मोबाइलवर सरांना सांगितलं की मी थांबवते आहे. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"खरखर तुमच्या लाइनमध्ये आहे."

मला राग आला. पंधरा वर्षं नेटवर्कमध्ये काढलेल्या माणसाला असं कोणी सांगितलं की येतोच. तिथल्या तिथे पिंग लावून दाखवलं. पिंग म्हणजे एक छोटा निरोप पाठवायचा आणि तो किती वेळात परत येतो ते बघायचं. शंभर पाठवले, शंभर परत आले. मी स्क्रीन मॅडमकडे फिरवली. त्यांनी ती पाहिलीही नाही, रोग्याची नाडी धरून बसल्या. यवतमाळच्या परतीच्या जीपमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं.

आता थोडं सोपं करून सांगतो. आवाज लाइनवरून सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. काही तुकडे वाटेत गळाले की ऐकणाऱ्याला तुटक खरखर येते. म्हणून आवाजाच्या पॅकेटवर "आधी सोडा" अशी खूण करतात. आमच्या हद्दीत ती खूण आम्ही पाळायचो. पण नागपूरची वाट एकाची नव्हती. यवतमाळपर्यंत आम्ही, पुढे दुसरी कंपनी, शेवटी मोठ्या दवाखान्याचं स्वतःचं नेटवर्क. एकाची हमी दुसऱ्याच्या दारात किती चालते, ते त्या दाराशी काय ठरलंय त्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधल्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. त्याने आकडे काढले आणि हसला. म्हणाला, तुमच्याकडून खुणेचा माल एवढा येतो की विचारू नका. ठरल्यापुरता आम्ही पुढे सोडतो, वरचा फेकून देतो. फेकताना त्यात दवाखाना आहे की सिनेमा, हे आम्हाला दिसत नाही.

"आणि माझं पिंग कसं गेलं?"

"ते बिनखुणेचं होतं. तुमच्याकडची साधी रांग रिकामीच असते, साहेब, गर्दी सगळी खुणेच्या रांगेत."

मी आमच्या राउटरची यादी उघडली. खुणेच्या हक्कदारांची. दवाखाना तिसऱ्या ओळीत होता. खाली ओळीच ओळी: सरकारी कचेऱ्या, एका पुढाऱ्याचा बंगला, कापसाच्या दोन जिनिंग मिल, एक मंगल कार्यालय. प्रत्येक ओळीपुढे कोणाच्या शब्दावरून खूण दिली ते लिहिलेलं. आमच्याकडे अर्जापेक्षा शब्द मोठा. कोणी शब्द टाकला की खाली पडू द्यायचा नाही, ही इथली रीत. आमच्या हद्दीत लाइन मोकळी होती, त्यामुळे त्या रीतीचं ओझं कधी दिसलंच नाही.

यादी छापून मी वानखडे साहेबांपुढे ठेवली. ते आमचे डिव्हिजनल इंजिनिअर, भिडस्त माणूस. मी म्हणालो, दवाखाना सोडून सगळ्यांची खूण काढू. त्यांनी चष्मा लावला, यादीवरून बोट वरपासून खाली आणलं आणि पुन्हा वर नेलं.

"काढू ना. कोनाले नाही म्हनाचं ते मी पाहून घेतो. पन पयले हे पयलं नाव काढा."

पहिल्या ओळीत दारव्ह्याचं एक सायबर कॅफे होतं. माझ्या मेहुण्याचं. शब्द माझा. दवाखान्याची लाइन येण्याच्या वर्षभर आधी मीच ती ओळ लिहिली होती, आणि तिच्यामागे बाकीची रांग लागली होती. मला लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

साहेबांच्या समोर बसूनच मी ती ओळ पुसली. मग एकेक करत बाकीच्या. आठवडाभर त्यांचा फोन वाजत राहिला. ते प्रत्येकाला एकच सांगत, "तुमची लाइन बंद नाही केली भाऊ, रांगेत लावली." पुढाऱ्याच्या बंगल्यावर ते स्वतः जाऊन बसले आणि दोन कप चहा पिऊन, काहीही कबूल न करता परत आले. भिडस्त माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम पांढरकवड्याला गेलो. खाटेवर दुसरा रोगी होता, तशाच विषबाधेचा. मॅडमनी आधी स्वतः ऐकलं, कागदावर काहीतरी लिहून कागद पालथा ठेवला. मग मशीन लावलं. नागपूरहून सरांचा आवाज आला, "उजव्या बाजूला खाली थोडी खरखर, बाकी साफ." मॅडमनी कागद उलटा करून मला दाखवला. त्यावर तेच होतं.

पहिल्या रोग्याचं विचारायला माझी जीभ रेटेना. मॅडमनीच सांगितलं की तो तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. बायको जाताना मशीनला हात जोडू लागली, तेव्हा मॅडमच तिला म्हणाल्या होत्या, त्याला नको. मग त्या दिवशी लाइनमध्ये कुठे काय चुकलं होतं ते मी त्यांना सांगितलं. पहिली ओळ कोणाची होती तेही. मशीन लावण्याआधी स्वतः ऐकून कागदावर लिहायची पद्धत त्यांनी कायम ठेवली. लाइन सुधारल्यावरही. ते बरोबरच होतं.

दिवाळीला मेहुणा घरी आला. फराळाची ताटली बाजूला सारून म्हणाला, "भाऊजी, आपली लाइन काहून सुस्त झाली?"

"सुस्त नाही झाली," मी म्हणालो. "आता सगळ्यांसारखी झाली."