मामांचं मोजणं

मोजल्याशिवाय श्वासही न घेणारा माणूस आख्ख्या सोलापुरात मी एकच पाहिला. छातीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे लहानशी लॅब होती, तिथे मी रक्त तपासत असे. हे गृहस्थ तिथले नेहमीचे पेशंट. पूर्वभागातले चादरीचे विणकर. चाळीस वर्षं यंत्रमागावर सुताची धूळ गिळून फुप्फुसं पार खराब झालेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत खोकला. सगळे त्यांना मामा म्हणत.

ताण्याचे धागे मोजून मोजून मामांना मोजण्याची खोडच जडली होती. घरापासून दवाखान्यापर्यंतची पावलं ते मोजत आणि कितव्या पावलाला दम लागला ते मला सांगत. सकाळचा खोकला मोजून शेजाऱ्यांना जाहीर करत. "आज बेचाळीस. काल एकावन्न. सुधारणा हाय की." एका लग्नात आहेरात मिळालेली चादर त्यांनी मांडवातच उलगडली, काठाचे धागे मोजले आणि यजमानांना म्हणाले, "तुमाला फसवलंय हो." तेव्हापासून मामी त्यांना लग्नाला नेईनाशा झाल्या.

माझ्यावर मात्र त्यांचा जीव होता, कारण मीही मोजणारा. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. प्रत्येक पेशीला मोजणीच्या यंत्राचं बटण दाबायचं; शंभर झाल्या की यंत्र घंटी वाजवतं. मामा बाहेरच्या बाकावर बसून बटणांचे आवाज मोजत आणि घंटी झाली की समाधानाने मान हलवत. एकदा मी त्यांना तांबूस दाण्यांची पेशी दाखवली. इओसिनोफिल तिचं नाव. ती वाढली की डॉक्टर मामांचं औषध वाढवत. मामा बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "पांढऱ्या सुतात तांबडं. अण्णा, हे विणलं कुणी?"

त्या थंडीत एका दुपारी मला बार्शीला साडूच्या शेतावर हुरड्याला जायचं होतं. एसटीची वेळ झाली होती. मामांच्या पन्नासच पेशी मोजल्या, त्यांत तांबडी एक निघाली. दुप्पट करून दोन लिहिली आणि सही केली.

बाहेर आलो तर मामा बाकावरच. "अण्णा, आज घंटी न्हाय वाजली. पन्नासपर्यंत ऐकलं मी."

"वाजली मामा. तुम्ही खोकत होता."

त्यांनी कानात बोट घालून हलवलं. मग हसले. "व्हय? मग आता कान बी गेला म्हणायचा."

मी एसटी पकडली. हुरडा गोड होता.

आठवड्याने मामांना इस्पितळात ठेवलं. ते कळल्यावर मी त्यांची काच शोधून काढली आणि पूर्ण शंभर मोजल्या. तांबड्या नऊ. काच मी टाकून दिली आणि गप्प राहिलो. मामा तेव्हा जिवंत होते. चौथ्या दिवशी गेले. डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणाले, "छाती जुनीच होती. पण रिपोर्ट बरा होता, म्हणून औषध वाढवलं नाही." वाढवलं असतं तर मामा वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. मी मात्र तेवढ्याच आधारावर झोपत आलो.

भेटायला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "इस्पितळात न्यायच्या आधी आठवडाभर खोकला मोजायचंच सोडलं हो त्यांनी. म्हणायचे, माझं मोजणं आता खरं न्हाय." मोजला असता, तर तो वाढतोय हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असतं आणि ते दवाखान्यात येऊन बसले असते. मी चहा पिऊन परत आलो.

त्याला सहा वर्षं झाली. आता डोळ्यांना सूक्ष्मदर्शक सोसत नाही, लॅबही सुटली. गेल्या सोमवारी मामींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मामी शेंगा फोडत होत्या. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्यांनी मला चार शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं. त्या म्हणाल्या,

"तवाच इस्पितळात येऊन त्यांना सांगायचं होतं, अण्णा. कान चांगला हाय म्हणून लई बरं वाटलं असतं त्यांना."