धाकटीचे दात आणि सासऱ्यांची कवळी

मोठ्या मुलीचे पुढचे दुधाचे दात काढले ते अकोल्याला. मी माहेरी जठारपेठेत गेले होते. तिथे तिचा गाल सुजला, ताप आला, पोळीचा घास तोंडात घेतला की रडायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला आणि विचारलं, "झोपताना बाटली देता का?"

देत होतो. साखर घातलेलं दूध. आमच्याकडे सगळीच लेकरं तशी झोपत आली.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच होते," माझी आई म्हणाली.

"वेळेआधी गेले तर मागून येणाऱ्यांची जागा बिघडते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मला समजावलं. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करायचा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, बाटली घेऊन झोपवायचं नाही, आणि लेकरू शाळेत जायला लागलं तरी ब्रश मोठ्या माणसानेच करून द्यायचा.

धाकटी झाली तेव्हा मी हे सगळं पाळायचं ठरवलं. पण मी नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत शिलाईवर. अमरावतीला घरी येईस्तोवर मानेपासून कमरेपर्यंत नुसती कळ. नवऱ्याची पाळी बदलती. मोठी शाळेत, आणि धाकटी दिवसभर सासऱ्यांजवळ. सासू गेल्यावर ते भातकुलीची शेती ठोक्याने दुसऱ्याला कसायला देऊन आमच्याकडे राहायला आले होते.

घरी यावं तर पोरीच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट, आणि बाटलीला मुंग्या.

"मामाजी, दुधात साखर नका टाकत जाऊ."

"मंग ते पेतच नाई. लेकराले गोड नाई द्याचं त कोनाले द्याचं?"

"मोठीचं काय झालं, पाहिलं ना तुम्ही?"

"पाह्यलं." एवढंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या. शेवटी मी बोलणं सोडलं. ज्यांच्या भरवशावर पोर टाकून जायचं, त्यांच्याशी रोज किती भांडणार?

संध्याकाळी तिचं डोकं मांडीवर घेऊन ब्रश करायला बसायची. ती ओठ घट्ट मिटायची, माझं बोट चावायची. कधी कधी दोघीही रडायचो आणि ब्रश तसाच राहायचा.

त्या वर्षी सासऱ्यांना कवळी बसवली. तंबाखूने आणि मिसरीने त्यांचे दात केव्हाच गेले होते. एका संध्याकाळी मी दारात चप्पल काढत होते, ते मोरीजवळ कवळी काढून धूत होते. धाकटी समोर उभी. तिने डोळे मोठे करून ते दात पाहिले, मग दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या तोंडात घातली आणि ओढायला लागली. खूप ओढलं. मग भोकाड पसरलं.

"आबाजी, माहे नाई निंगत!"

मला हसूही येईना. मी उंबऱ्यावरच बसले. सासऱ्यांनी तिला जवळ घेतलं. बोळक्या तोंडाने त्यांचं बोलणं फसफसत होतं.

"तुहे पक्के हायेत, बाई. माहे सडले, म्हून निंगाले." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या कधी घासलेच नाई व. दुखले का तंबाखू दाबाचो."

बाटली त्यांनीच बंद केली. ती रडायची तेव्हा तिला खांद्यावर घेऊन अंगणात चकरा मारायचे आणि मला म्हणायचे, "तू नोको येऊ, आमचं आमी पाहून घेतो." संध्याकाळी मोरीजवळ दोघं शेजारी बसायला लागले. ते कवळी घासायचे, ती आपले दात. बिस्किट मात्र पुरतं सुटलं नाही. ते जेवणानंतर देतात, आणि वरून पाणी पाजतात.

धाकटीच्या एका दाढेत बारीक कीड निघालीच. वेळेवर दिसली म्हणून भरता आली. बाकी दात चांगले आहेत. मोठीचे नवे दात वाकडे आलेत, पुढे तार लावावी लागेल म्हणतात. ती हसताना तोंडावर हात नेते, तेव्हा मी दुसरीकडे पाहते.

परवा कंपनीतून आले आणि तशीच आडवी झाले. डोळा लागत होता, तोच सासऱ्यांनी हाक मारली.

"अव, समोरचे झाले तिचे. दाढा राह्यल्या. मले दिसत नाई तेवढं."

म्हणावंसं वाटलं, एक दिवस राहू द्या. धाकटी तोंड उघडून उशाशी उभी होती, हनुवटीवरून फेस गळत होता. मी उठून बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.